पान नंबर एकेचाळीस

ही गोष्ट मी कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर हा प्रसंग गुदरला आहे. कुणाला थाप वाटली तर त्यानं ती मावशीच्या तोंडावर म्हणून दाखवावी. ती काय उत्तर देईल ते मी सांगत नाही.

भुताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणे.

ही घडली भर दुपारी दोन वाजता. बुधवार, १२ जानेवारी १९९४. जागा, परभणीतल्या एका कॉलेजची कॉम्प्युटरची खोली. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

माझी मावशी सत्यशीला. त्या कॉलेजात टायपिस्ट. अकरा वर्षं नोकरी झाली तरी टेंपररीच. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर, दरवर्षी जीव टांगणीला.

तिला कामावर घेतलं होतं व्यंकटराव सरांनी. सर भूगोलाचे प्राध्यापक. माणूस हुशार, पण तऱ्हेवाईक. कॉलेजच्या व्हरांड्यात त्यांची स्वतःची एक काचेची पेटी होती. कॉलेजचा नोटीस बोर्ड वेगळा, सरांची पेटी वेगळी. दर सोमवारी सर तीत हातानं लिहिलेलं एक नवीन पान लावायचे. एका पानावर जिल्ह्यातल्या एका गावाचा पाणवठा. विहीर कुणी खोदली, किती खोल आहे, पाणी गोड की मचूळ, कोण भरतं आणि कुणाला भरू देत नाहीत. सगळं नावानिशी.

लोक आपल्या गावाचं पान शोधत यायचे. काहीजण वाचून खूश व्हायचे. काहीजण शिव्या घालत जायचे.

मावशी आली तेव्हा सरांच्या डोक्यात सायक्लोस्टाइल होतं. पेटीतली पानं टाइप करायची, स्टेन्सिलवर कापायची, मशीनचं हँडल फिरवून प्रती काढायच्या आणि गावोगावच्या शाळांना पाठवायच्या. पुढं झेरॉक्स आलं, मग सगळं झेरॉक्सवर. यंत्र बदललं की पहिल्यापासून सगळी पानं परत उतरवायची. एकही गाळायचं नाही.

आणि प्रत्येक वेळी मुकाबला.

मुकाबला म्हणजे भांडण नव्हे. आमच्याकडं निजामाच्या काळापासून कचेऱ्यांत हा शब्द आहे. मूळ कागद आणि नक्कल ताडून बघायची. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, समोरच्यानं नकलेवर बोट ठेवून 'आहे' म्हणायचं. मावशी वाचायची. सर खुर्चीत बसून डोळे बारीक करून म्हणायचे, "आहे... आहे... आहे."

१९९० साली सर गेले. खुर्ची राहिली. मावशीची सवयही राहिली. एकटी असली तरी ती मोठ्यानं वाचायची, खुर्चीकडं बघून "आहे?" विचारायची आणि पुढं जायची. लोक हसायचे. हसेनात का!

आता पान एकेचाळीस.

 हे मी भीतीनं नाही, रागानं लिहितेय.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता. वालूरच्या पुढं एक गाव आहे. तिथं आमच्या बौद्ध वस्तीचा एक आड होता. सात पुरुष खोल, पाणी साखरेसारखं. एका रात्री गावातल्या पाचजणांनी त्या आडात रॉकेलचे डबे ओतले.

घरं जाळली नाहीत. पाणी मारलं.

वरच्या विहिरीवर कुणी चढू देईना. तीन दिवस लेकरं ओठ चाटत बसली. चौथ्या दिवशी एक बाई म्हणाली, मी उतरते, आड उपसू. कमरेला दोर बांधला आणि उतरली. खाली रॉकेलचा वास कोंडलेला. दोन बादल्या वर आल्या. तिसरी आली नाही.

पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून पडली.

त्या बाईचं नाव मनकर्णा. सत्यशीला मावशीची थोरली बहीण. माझी आई. तेव्हा मी चार वर्षांची होते.

व्यंकटराव सर त्याच गावचे. गढीवरचे. त्यांनी खरं काय ते लिहिलं. कसं घडलं, कोण मेलं आणि पाचही नावं. चौथं नाव होतं आबासाहेब. सरांचा सख्खा धाकटा भाऊ.

तेच पान एकेचाळीस.

१९७९ साली ते पेटीत लागलं सोमवारी. मंगळवारी काच फुटली. बुधवारी सरांनी स्वतःच्या हातानं पान काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. हिंमत होती, पण अडीच दिवसांची.

१९८५ मध्ये स्टेन्सिलं कापताना मावशीच्या हाती ते पान पहिल्यांदा आलं. असं पान आहे हे तोवर तिला ठाऊकच नव्हतं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सत्यशीलाबाई, एकेचाळीस तूर्त राहू द्या."

मावशीनं ते पान बाजूला ठेवलं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार? पण त्या दिवशी सर तिच्या मनातून उतरले.

आठ दिवसांनी सर आले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. खुर्चीत न बसताच म्हणाले,

"एकेचाळीसचं स्टेन्सिल कापा. आजच."

"काय झालं सर?"

"घरी पाणी पिववत नाही."

एवढंच. पुढं पाच वर्षं जगले, पण त्यावर अक्षर बोलले नाहीत. एकेचाळीस छापलं गेलं, शाळांना गेलं. आबासाहेबांनी भावाचं तोंड बघणं सोडलं.

१९९३ च्या दिवाळीत कॉलेजला कॉम्प्युटर आला. दिला कुणी? संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी. ज्याच्या हाती ससा तो पारधी! खोलीला पडदे लावले, जमिनीवर मेणकापड अंथरलं. धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळदकुंकू, समोर नारळ. मावशी म्हणायची, "देवाला एवढं सोवळं न्हाई बाई."

आबासाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "दादांची सगळी पानं कॉम्प्युटरवर घ्या. त्यांच्या नावानं ग्रंथ काढू. तुमची पर्मनंटची ऑर्डर तयार हाय. सही तेवढी राहिलीय."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त एकेचाळीस घेऊ नका. नामांतर व्हायलंच आता. जुनं कशाला उकरायचं? सगळ्यांनीच इसरावं."

सगळ्यांनी विसरावं! खुनी म्हणतोय, विसरा!

 तेव्हा मी बी.ए.ला होते आणि घरात कमावणारी ती एकटी. तिनं चाळीस टाइप केलं आणि पुढचा आकडा टाकला बेचाळीस. मला तिचा राग नाही. म्हणजे तेव्हा आला होता.

त्या बुधवारी तिला मुकाबला संपवायचा होता. दोन दिवसांवर नामांतर आलेलं. चौकाचौकांत पोलीस बंदोबस्त, कॉलेज बंद. गेटवर मुंजाजी शिपाई आणि खोलीत मावशी.

तिनं चपला बाहेर काढल्या. दार लोटलं. डाव्या हाताला सरांची पिवळी पानं, उजव्या हाताला प्रिंटरवर काढलेली लांबलचक नक्कल. समोर सरांची रिकामी खुर्ची.

वाचायला लागली.

"पान एक. गावची बारव, पायऱ्या बावीस. आहे?"

आणि...

"हाय."

मावशीला वाटलं, मुंजाजी. खिडकीशी उभा राहून थट्टा करतोय. तिनं पडदा सारला. मुंजाजी लांब गेटवर विडी ओढत होता.

भास असेल. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"पान दोन. आहे?"

"हाय."

मावशीनं हातातलं पान खाली ठेवलं.

सर कधी 'हाय' म्हणाले नव्हते. ते गढीवरचे, शिकलेले. त्यांचं कायम 'आहे'.

शिवाय आवाज बाईचा होता. लांबून आल्यासारखा, खोलातून वर चढत आलेला.

पळून का नाही गेलीस, मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पळाले असते तर मुकाबला अर्धा राहिला असता." अशी ही बाई!

तिनं वाचत राहायचं ठरवलं. वाचत गेली, उत्तर येत गेलं. मेणकापडावर मधूनच काहीतरी टपकायचं... टप्प... मग बराच वेळ काही नाही... टप्प.

चाळिसावं पान झालं.



"पान बेचाळीस. आहे?"

काहीच आलं नाही.

 कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी चालू.

"पान बेचाळीस... आहे?"

आणि मग... वास आला.

रॉकेलचा.

स्टोव्हचा येतो तसा हलका नाही. नाकातोंडात बोळा कोंबावा तसा. मावशीचे डोळे चुरचुरायला लागले. तिनं खाली बघितलं. दारापासून खुर्चीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. अनवाणी. पाण्यावर रॉकेलचा तवंग, ऊन पडून रंगीत दिसणारा.

दाराकडं परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

"न्हाई," खुर्ची म्हणाली.

तो आवाज मावशीनं ओळखला. पंधरा वर्षांनी ओळखला.

आणि माझ्या मावशीला भीती नाही वाटली. तिला संताप आला. टेबलावर हात आपटून ती ओरडली,

"अक्के! माझ्यापाशी काय मागायलीस? ज्यानं केलं त्याच्या उरावर बस ना! तू मोकळी झालीस. तुझी लेक मी वाढविली. माझ्या पोटाला चिमटा घेऊन शिकवायलेय तिला. ही नोकरी गेली तर तिच्या फीला काय तुझं भूत येणार हाय?"

गप्प.

"बोल की! नाव लिहून तू वर येणार हायस का?"

टप्प...

"न्हाई."

फक्त तेवढंच. मावशी सांगते, त्या शब्दात भीक नव्हती, शापही नव्हता. मुकाबल्याला बसलेलं माणूस सांगतं तसं सांगितलं. नकलेत न्हाई.

मावशी खुर्चीसमोर बसून रडली. पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसलं, सरांचं पिवळं एकेचाळीस काढलं आणि टाइप करायला घेतलं. आड, दोर, रॉकेल, मनकर्णा, मग पाच नावं. प्रिंटर करकरत एकेचाळीस काढून गेला. तिनं मोठ्यानं वाचलं. शेवटी विचारलं,

"आहे?"

उत्तर आलं नाही. पण वास गेला. एका क्षणात, कुणी झाकण लावावं तसा.

पुढची पानं ताडून होईतो पाच वाजले, तेव्हा बाहेर जीप वाजली. आबासाहेब आले. दाराबाहेर बूट काढले, पायमोज्यांवर आत आले.

"झालं का बाई?"

"झालं साहेब. मुकाबला झालाय. सगळं जुळलंय."

"एकटीनंच केला?"

मावशीनं खुर्चीकडं बोट केलं. आबासाहेब हसले आणि नेमके त्याच खुर्चीत बसले. नक्कल चाळत गेले. चाळीस... आणि हसू तोंडावरच वाळलं.

"हे काय? काय सांगितलं होतं मी?"

"मुळात हाय साहेब."

"मुळात असंल! हे मशीन माझं हाय, कॉलेज माझं हाय. पुसा ते."

"तुमचं मशीन हाय, तुमीच पुसा."

अकरा वर्षांत ती पहिल्यांदा अशी बोलली. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आबासाहेबांनी आधी सरांच्या हातचं पिवळं पान टराटरा फाडलं. नकलेतलं फाडलं. मग कॉम्प्युटरपाशी आले. मशीननं विचारलं, पुसू का? हो असेल तर वाय दाबा. मावशीनं बटण दाखवलं. आबासाहेबांनी स्वतःच्या बोटानं दाबलं.

पान गेलं.

"संपलं," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "पाणी आणा रे!"

मुंजाजीनं बाहेरच्या माठातून तांब्या भरून आणला. आबासाहेबांनी एक घोट घेतला आणि...

भसकन बाहेर थुंकले. मेणकापडावर, पडद्यावर, कॉम्प्युटरवर.

"रॉकेल! पाण्यात रॉकेल घातलंस व्हय रे?"

मुंजाजी घाबरला. त्यानं तोच तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायला.

"न्हाई मालक. चांगलं हाय की पाणी."

मावशीनंही घोट घेतला. गार, गोड पाणी.

आबासाहेब उठले. तेव्हा मावशीनं बघितलं, त्यांचे पायमोजे घोट्यापर्यंत भिजलेले. ते एकदम मागं वळले, कानाजवळ कुणी बोलल्यासारखे. मागं कुणीच नव्हतं. मावशीला काही ऐकू आलं नाही. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांचं त्यांना माहीत. बूट तसेच टाकून ते जीपकडं पळाले. एवढा मोठा माणूस, ओल्या पायमोज्यांनी धुळीतून पळत होता.

चौदा तारखेला नामांतर झालं. आमच्या गल्लीत ढोल, गुलाल, निळे झेंडे, लोक रडत होते, हसत होते. मीही नाचले. मावशी पायरीवर बसून बघत होती.

पंधराला पत्र आलं. उद्यापासून कामावर येऊ नये.

फेब्रुवारीत ग्रंथ निघाला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आबासाहेबांचा फोटो. चाळीसनंतर बेचाळीस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सायक्लोस्टाइलवर काढलेलं एकेचाळीस साठ शाळांच्या कपाटांत पडलंय. एक प्रत आमच्या ट्रंकेत आहे. पण ग्रंथ वाचणाऱ्याला ते कोण सांगणार?

मार्चमध्ये आबासाहेब आमच्या दारात आले. मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओठांना भेगा, अंगावर कपडे लोंबत होते. दोन महिने पाण्याचा घोट उतरत नाही म्हणाले. दूध, उसाचा रस, जे घेतील त्याला तोच वास. परभणीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. हैद्राबादच्याही नाही.

मावशी म्हणाली, "पान घाला साहेब. सरांनी घातलं होतं, त्यांना सोडलं तिनं."

"घालतो. नवा ग्रंथ काढतो. तुमची नोकरीबी देतो." मग मान खाली घालून हळूच म्हणाले, "चौथं नाव तेवढं..."

मरायला टेकला होता. तरी चौथं नाव तेवढं!

मावशीनं दार लावायला घेतलं. तेव्हा तो माझ्याकडं वळला. माझ्यापुढं, मनकर्णाच्या पोरीपुढं, हात जोडले.

"बेटा, तुझी आई हाय ती. तू सांग तिला. तू म्हणलीस तर ऐकंल. फक्त म्हण, बस झालं."

मी त्याच्याकडं बघत राहिले. चार वर्षांची असताना मी आडाच्या काठावर बसून तिसऱ्या बादलीची वाट बघितली होती. ते मला आठवतं. लोक म्हणतात, एवढ्या लहानपणीचं आठवत नाही. मला आठवतं.

मी काही बोलले नाही.

परवा मुंजाजी येऊन सांगून गेला, साहेबांना नांदेडला ॲडमिट केलंय. सलाईनवर आहेत. झोपेत 'काढा, मला वर काढा' म्हणून ओरडतात.

मावशी रात्रभर जागी होती. सकाळी म्हणाली, "जा पोरी. एक शब्द बोलून ये. कसाबी असला तरी माणूस हाय त्यो."

मी स्टँडवर गेले. नांदेडची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता, खिडकीजवळची जागा रिकामी होती. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी राहिले आणि घरी परत आले.

गेल्यानंतर आई मला कधी दिसली नाही. तिचा आवाजही मी परत ऐकलेला नाही. ती मावशीकडं गेली, सरांकडं गेली, त्याच्याकडं गेली. माझ्याकडं आली नाही. माझं म्हणणं तिला ऐकू जातं की नाही, हेही मला माहीत नाही. कदाचित मी घरात बसून 'बस झालं' म्हटलं तरी पुरेल. म्हणून मी दोन दिवस कुणाशीच जास्त बोलत नाही. चुकून तोंडातून निघून जाईल, याची मला भीती वाटते.